येतंय म्हणून गेलेल्या बाईचं पान

ये गो तनू, अशी जवळ बस. म्हणजे पुण्याच्या त्या खोलीत आहेस तिथेच खुर्ची जरा पुढे ओढ आणि हातातलं दुसरं काम खाली ठेव. आजी रागावलेली नाही, पण थोडी रागावलेली आहे. दर रविवारी फोनवर 'येते हां आजी' म्हणून ठेवतेस. मी वेडी, भाताच्या आधणात तुझ्या दोन मुठी जास्त घालते. तू येत नाहीस. भात कोंबड्या खातात आणि आता त्याही रविवारची वाट बघायला लागल्यात.

तू म्हणशील, आजी, 'येते' म्हणजे नुसतं फोन ठेवायचं म्हणणं असतं. तसंच मीही समजत होते. त्या एका शब्दापायी मी कुठे जाऊन आले ते आता सावकाश वाच. मैत्रिणींनाही वाचून दाखव. त्या दरवर्षी मालवणला येतात, पाण्याखाली जाऊन मासे बघतात, वर येऊन तेच मासे खातात आणि मालवण पाहिलं म्हणतात. त्यांना आपल्या घरचं काही ठाऊक नाही, म्हणून तुला पाठ असलेलंही थोडं सांगते.

आमचं घर मालवणजवळ, कट्टा गावच्या बाजाराच्या पुढे. मी इथे लग्न होऊन आले, म्हणजे परक्या घरची. नातवंडं झाली तरी तुझे धाकटे आजोबा, म्हणजे माझे दीर, मला परक्या घरचीच समजतात, आणि घरातली देवाधर्माची सगळी सत्ता त्यांच्याकडे. घरामागे व्हाळ, म्हणजे ओढा, वाहतो, त्यावरून जायला पोफळीच्या खोडांचा साकव, आणि पलीकडे सातविणीच्या झाडाखाली आमच्या मूळपुरुषाचा दगड. दगडाला मधोमध आरपार भोक आहे. भावजी सांगतात की मूळपुरुष घाटावरून घोड्यावर बसून आले, लढाईत छातीवर गोळी झेलली, ती दगडात उमटली. भोक बघता ती गोळी लहान नारळाएवढी असावी. पण आपण कशाला बोला.

घरच्या रीती दोन. म्हाळाला, म्हणजे पितृपक्षात पूर्वजांना जेवू घालतात त्या दिवशी, सगळ्या पानांच्या शेवटी आम्ही एक पान जास्तीचं वाढतो. 'येतंय म्हणान गेलल्या बायचा पान.' ती बाय कोण, कुठे गेली, कोणालाच माहीत नाही. माझ्या सासूबाईंनी वाढलं, म्हणून मी वाढते. खरं सांगू का, तव्यातला करपलेला वडा मी नेहमी त्याच पानावर ठेवत आले. जी येतच नाही ती काय तक्रार करणार?

दुसरी रीत म्हणजे शपथ. आमच्या मूळबायने, भागूबायने, घातलेली. जामसंड्याच्या एका घरचं पाणी आपल्या घरच्या मुलीने प्यायचं नाही. भावजींच्या मते लढाईत त्या घराने दगा दिला होता. आणि तू एवढं शिकून, एवढ्या मोठ्या शहरात राहून, तुला आवडला कोण, तर त्याच घरचा मुलगा. भावजी म्हणाले, शपथ ती शपथ, घालणारी येऊन सोडवील तेव्हा बघू. तू फोनवर रडलीस. तेव्हापासून हे 'येते, येते' सुरू झालं.

साकवापलीकडे

वैशाखातल्या एका दुपारी भावजी झोपले असताना मी मूळपुरुषापुढे जाऊन गाऱ्हाणं घातलं. बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नसतं. घालणारीही मी आणि मागून 'व्हय म्हाराजा' म्हणणारीही मीच. गाऱ्हाण्यात माणूस भरात येऊन काय वाटेल ते बोलतो. मी म्हटलं, जिने शपथ घातली तिच्या दारात जाऊन मी ती सोडवून घेते, व्हय म्हाराजा. एवढी वर्षं ह्या देवाकडे पाणंदीचा रस्ता मागतोय तो दिला नाही. हे मात्र त्याने शब्दशः ऐकलं.

परतताना साकव चढले आणि उतरले, तर घर नव्हतं. व्हाळ तोच, त्याचं वळण तेच, पण घराच्या जागी किंजळीचं दाट रान आणि पुढे गवताने शाकारलेलं एक खोपट. मागे वळून पाहिलं तर सातवीण माझ्या खांद्याएवढी, आणि तिच्याखाली दगड नाही. मी आधी फोन काढला. रेंज नव्हती. ती आमच्याकडे तशीही नसते, त्यामुळे त्यावरून काहीच कळेना.

विहिरीवर एक मुलगी पाणी काढत होती. विशीच्या आतली. घागर कमरेवर घेताना मान तिरकी केली, आणि तनू, ती तू होतीस. तशीच मान, तसाच खालचा ओठ दातात. तिने माझ्या चष्म्याकडे पाहिलं, रबरी चपलांकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण गो तू? कोणाकडे इलंस?"

नाव विचारलं तर म्हणाली, भागू.

दर वर्षी गाऱ्हाण्यात जिचं नाव घेतो ती मूळबाय समोर बघून माझे पाय आपोआप वाकले. तशी ती घागरीसकट मागे सरली. "म्हातारे, माज्या पाया पडतंस? माजा आयुष्य कमी करूक इलंस?" आणि तिनेच उलट माझ्या पायांवर डोकं ठेवलं. माझ्या नवऱ्याच्या पणज्याची कितवी तरी आजी माझ्या पाया पडली. ह्याचा आशीर्वाद काय द्यायचा ते कोणी शिकवलेलं नाही. मी म्हटलं, सुखी हो, नातवंडांचं तोंड बघ. म्हणजे आपलंच.

तिच्या घरी

घरात ती आणि तिचा बापूस, दोघंच. आई लहानपणी गेली, भाऊ नाही. बापूस म्हणजे मोजकं बोलणारा, पोफळी-नारळ करणारा माणूस. मी लांबच्या सोयऱ्यांकडची, वाट चुकले, एवढंच सांगितलं. त्याने त्यावर एकच विचारलं, जेवलीस काय. आपल्याकडे हल्ली पाहुण्याला आधी विचारतात, परत कधी जाणार.

बोलणं मला कळत होतं, थोडे शब्द सोडले तर. मालवणी तेव्हाही भांडल्यासारखीच ऐकू यायची. मी पुस्तकी मराठीत काही बोलायला गेले की बापूस मला सरकारातून आलेली समजून गप्प व्हायचा. मग मी आपली घरच्या बोलीवर आले.

जेवायला नाचण्याची भाकरी, कुळथाची पिठी आणि सुक्या बांगड्याचा तुकडा, तिरफळं घालून. तिखट म्हणाल तर मिरी, तीही जपून. बटाटा नाही, टोमॅटो नाही. सोलांची कढी मात्र अगदी आजची, एक थेंब इकडेतिकडे नाही. ती तोंडाला लावली आणि एकटी पडल्यासारखं वाटत होतं ते गेलं. हाल झाले ते चहाचे. संध्याकाळी कपाळ ठणकायला लागलं. भागूने सुंठ उगाळून लेप दिला, वर विचारलं की तो चहा म्हणजे तुमच्याकडचा देव काय. मी म्हटलं, जवळजवळ.

पदराला लावलेली माझी पिन तिने शंभरदा उघडली, शंभरदा मिटली. मी तिला देऊन टाकली. सोनं बघून अशी खूश झाली नसती.

शपथेचा विषय मी त्या संध्याकाळीच काढला. जामसंड्याच्या घराने लढाईत काय दगा दिला, असं विचारलं. भागूने मलाच उलट विचारलं. लढाई कसली? मग हळूहळू, भाकऱ्या थापता थापता, बाहेर आलं ते असं. त्या घरचा सोमा, गलबतावरचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, सुपारी न्यायला इथे यायचा. सुपारी एका खेपेची, हा खेपा चार घालायचा. बापसालाही ते कळलं होतं आणि त्याने सुपारी मुद्दाम थोडी थोडी द्यायला सुरुवात केली होती. मग पाऊस सरला, गलबत निघालं, आणि निघताना उंबऱ्यात उभा राहून सोमा म्हणाला, "जातंय."

मी थांबले. पुढे?

पुढे काही नाही. तोच दगा.

आता तुझ्या पुण्याच्या मैत्रिणींना सांग, आमच्याकडे घरातून निघणारा माणूस जातो म्हणत नाही. येतो म्हणतो. बाजारात निघाला तरी येतो, मुंबईला निघाला तरी येतो. जातो म्हणतात ते फक्त परत न येणारे, आणि तेही बोलून जात नाहीत. दर्यावर निघालेला माणूस तिच्या तोंडावर 'जातंय' म्हणाला. भागूचं डोकं फिरलं. तुळशीवर हात ठेवून म्हणाली, तुझ्या घरचं पाणी मी पिणार नाही, माझ्या मुलीबाळी पिणार नाहीत. तो निघून गेला. तेवढ्यावर आमचे पुरुष गोष्टीत घोडा, तलवार आणि गोळी घेऊन आले.

बंदर

दुसऱ्या दिवशी बापूस बंदरावर सोलं घेऊन निघाला, मी आणि भागू मागून. चालत. चपला माझ्या एकटीच्याच पायात, आणि वाट मलाही नवी नव्हती, कारण आपली एस. टी. अजून त्याच वळणांनी जाते.

किनारा बघून मी ओळखलाच नाही. एक हॉटेल नाही, एक छत्री नाही, नुसत्या माडांची सावली आणि वाळूवर ओढलेली होडकी. आणि समुद्रात किल्ला. नवा. तटाचा चुना उन्हात डोळ्यांवर येत होता. आपण बघतो तो किल्ला म्हातारा झालाय हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं. एक होडकं तिकडे निघालं होतं, त्यात मी सवयीने पाय टाकला आणि लाईफ जॅकेट मागितलं. होडीवाल्याने बापसाला विचारलं की म्हातारीला वारा लागलाय काय. बापूस म्हणाला, पाहुणी आहे.

तिथेच सोमा दिसला. गलबतं पावसाआधी परत आली होती, हा ती वर ओढायला लागला होता. घाटावरचा घोडेस्वार वगैरे मनात असेल तर काढून टाक. बुटका, उन्हाने रापलेला, पुढचा एक दात नसलेला. भागूने त्याला पाहिलं आणि माझ्या पाठीमागे उभी राहिली. लपायला नाही. त्याला माझ्या खांद्यावरून नीट बघता यावं म्हणून.

तो आमच्याबरोबर निघाला. कोणी बोलावलं नाही, कोणी नकोही म्हटलं नाही. वाटभर बापूस पुढे, मग मी, मग ती, आणि मग बरंच अंतर सोडून तो. मी मात्र मनात हिशेब घालत होते तो असा. मी आले शपथ सोडवायला. शपथ सुटली की ही ह्याच्याशी लग्न करणार. मग घाटावरून येणारा आमचा मूळपुरुष कोणाशी करील? तो वंश नाही, तर तुझे आजोबा नाहीत, तुझा बाप नाही, तू नाहीस. मी राहीन, मी परक्या घरची. पन्नास वर्षं ज्या बोलण्याचा राग आला, ते त्या वाटेवर पहिल्यांदा भीती वाटण्याइतकं खरं झालं. तुझं लग्न जुळवायला आलेली आजी तुलाच पुसून जाणार.

ठरवलं, गप्प बसायचं.

उंबरा

घरी पोचलो. उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी द्यायचं, ही रीत तेव्हाही होती. भागूने बापसाला दिलं, मला दिलं, आणि तांब्या घेऊन सोमाच्या पुढून आत गेली. तो अंगणात उभा. मागणार नाही. ती देणार नाही. बापूस सुपारी सोलायला बसला, जणू त्याच्या घरी हे रोजचंच.

शेवटी सोमाच बोलला, खाली बघून. "दर्यो माका इचारून परत धाडता काय? तुका खोटा कशाक सांगू?"

आतून भागू म्हणाली, "खोटा बोललं असतंस तरी चालला असता."

आणि मग ती रडली. आवाज न करता, तोंड भिंतीकडे करून. तनू, तू फोनवर रडलीस तेव्हा मला तुझं तोंड दिसलं नव्हतं. ते तिथे दिसलं. मला एका जन्मात दोनदा ते बघायचं नव्हतं. तुझं जे व्हायचं ते माझ्या हातात नाही असं म्हणत मी तोंड उघडलं. देवाला शिव्याही दिल्या मनातल्या मनात. त्याला ऐकायची सवय लागली होती, म्हणून बेतानेच.

मी सोमाला म्हटलं, "तिना तुझ्या घरचा पाणी पिवचंय नाय म्हटल्यान. तू हयचा पिवचं नाय, असा खंय म्हटल्यान?"

सुपारी सोलणारा हात थांबला. आपल्याकडे देवाला दिलेला शब्द मोडत नाहीत, पण त्याला कुठे वाव आहे तो शोधण्यात आमच्याएवढं हुशार कोणी नाही. बापसाने सोमाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, पोफळीवर चढेल की नाही एवढंच तपासल्यासारखं. मग म्हणाला, "माका झील नाय. हयसर रवतंस?"

भागू तांब्या घेऊन बाहेर आली. सोमा तो सगळा प्यायला. परत मागितला. तोही प्यायला. घरजावई झाला तो असा, तहान लागली म्हणून.

रात्रभर मला झोप नाही. हात अंधारात दिसतो का बघत होते, पण जायची होतीस तू, मी नव्हे. उजाडायच्या आत निघून सोमा बंदरावर जाऊन आला. खांद्यावर काथ्याच्या दोराने बांधलेला एक दगड. त्याच्या होडीचा नांगर. पूर्वी नांगर लोखंडाचे नसत, दगडाला मधोमध भोक पाडून त्यातून दोर ओवत. आता परत दर्यावर जायचं नाही, म्हणून त्याने तो साकवापलीकडे लहानग्या सातविणीच्या मुळाशी ठेवला, दोर सोडवून घेतला आणि हात झटकले.

मी ते आरपार भोक बघितलं आणि कपाळाला हात लावला. एवढी वर्षं ज्या भोकात तेल घातलं ते हे, आणि आमचा मूळपुरुष तो हा सोमा. तू होतीस. तू आधीपासून ह्याच दोघांची होतीस.

भागूला वाटलं मला चहाची आठवण आली.

परत

निघताना मी तिच्याकडे शपथ मागितली. म्हटलं, आता सोडव ती, पुढे मुलींना अडचण होईल. भागूने साफ नाही म्हटलं. "त्याच शपथेन माजो घोव माज्या घरात रवलो. ती मोडू कशी?" तिची शपथ म्हणजे वैर नव्हतंच. तिचं लग्नाचं मंगळसूत्र ते. मग पिन लावलेला पदर सावरून म्हणाली, पुढच्या कोणाला तसलाच मिळाला तर त्यानेही इथे येऊन पाणी प्यावं.

मी साकवावर चढले आणि, जन्माची सवय, मागे वळून म्हटलं, "येतंय गो."

इतर कोणी असतं तर मान हलवली असती. पण ही भागू. हा शब्द ऐकला नाही म्हणून जिने आठ महिने रागात काढले ती. तिने लगेच विचारलं, "कधी?"

आता काय सांगू? तोंडात आलं ते बोलले. "म्हाळाक."

"पान वाढून ठेवतंय," ती म्हणाली.

साकव उतरले तर घर होतं, तीच दुपार होती, पंखा फिरत होता, भावजी उठले होते. चहा कुठे आहे, एवढंच त्यांनी विचारलं. मी चूल पेटवता पेटवता उभीच राहिले. येतंय म्हणान गेलल्या बायचा पान. तीनशेहून जास्त वर्षं, पाऊस असो, दुष्काळ असो, घरात भांडणं असोत, ह्या घराने जिची वाट बघत पान मांडलं ती परक्या घरची मीच. आणि करपलेले वडे मी कोणाला वाढत आले, ते तू आता हसत हसत मोजशील.

भावजींना मी एवढंच सांगितलं की शपथेत आपल्या मुलीने त्यांचं पाणी प्यायचं नाही असं आहे, त्यांच्या मुलाने आपलं प्यायचं नाही असं कुठे आहे? जन्मभर कोर्टकचेऱ्या केलेला माणूस, ते ऐकून दोन दिवस खुशीत फिरत होता. आता म्हणतात, मुलगा आधी इथे येऊन पाणी पिऊन जाऊ दे, मग तुम्ही दोघं पुण्यात कुठलं पाणी पिता ते शपथेत नाही. नांगराचं मात्र मी सांगितलेलं नाही. आज जामसंड्याचे शत्रू म्हणून नको होते, उद्या भाऊबंद म्हणून नको होतील. तुम्हीही सांगू नका. एवढ्या वर्षांत त्या नात्याचं सोलकढीएवढं पातळ पाणी झालंय. भावजी हे वाचतील अशी भीती नाही. मी लिहिलेलं त्यांनी आजवर वाचलेलं नाही, आणि आता ती माझी सोय आहे.

म्हाळ जवळ आलाय. भागूला दिलेला शब्द मला पाळायचा आहे, पण आपल्याच म्हाळाच्या पानावर जिवंतपणी बसायचं कसं? म्हणून तू ये. त्याला घेऊन ये. तो दारात गूळ-पाणी पिऊ दे आणि त्या शेवटच्या पानावर माझ्या वतीने तू बस. वडा मी फुगलेला ठेवते, काळ्या वाटाण्याची उसळही. मला यायला तीनशे वर्षं लागली, पण मी म्हटलं होतं म्हणून आले. तुला पुण्याहून एका रात्रीची गाडी आहे. ये गो बाय, नुसती म्हणू नकोस. ये.